चुकलेल्या भेटी : शून्य

७ ऑक्टोबर, सोमवार

नवी वही, नवी नोकरी. अकरा महिने घरी बसलेल्या माणसाला कोणी खुर्ची दाखवून "इथे बसा" म्हटलं की त्याचे डोळे भरून यायला हवेत. माझे आले नाहीत, कारण खुर्चीचा एक पाय आखूड आहे.

हे घरसेवा केंद्र. म्हाताऱ्या, आजारी, एकट्या माणसांच्या घरी सकाळ-संध्याकाळ सेविका पाठवायच्या. औषध द्यायचं, सुई टोचायची, अंघोळ घालायची, दोन घास भरवायचे. रुग्ण दोनशे बारा, सेविका एकोणचाळीस. आणि हा सगळा डोलारा उभा आहे एका निळ्या पत्र्याच्या पेटीवर. पेटीत कार्डं. एका रुग्णाचं एक कार्ड, त्यावर पत्ता, औषधं, किल्ली कोणाकडे, कुत्रा चावतो की नाही. पेटीची राखण करणारी एक बाई, वय साठीच्या अलीकडे, चष्म्याला दोरी. मी तिचं नाव मनातल्या मनात कार्डबाई ठेवलं. ती स्वतःही सेविका आहे, क्रमांक सात. कोणी घेत नाही असे तीन रुग्ण तिने स्वतःकडे ठेवलेत.

मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्या म्हणाल्या, "नोव्हेंबरअखेर हे सगळं वेबवर पाहिजे. मोबाइलवर दिसलं पाहिजे, कोण कुठे गेलं, कोण नाही गेलं. झालं तर तुम्ही कायम. नाही झालं तर आपली ओळख राहील."

ओळख राहील! काय गोड बोलतात.

एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. ही नोकरी मला कार्डबाईमुळे मिळाली. तिच्या तीन रुग्णांपैकी एक म्हणजे माझे बाबा. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात लुळा पडला. साखर आहे, सुई स्वतःला टोचता येत नाही. ताईने परदेशातून फोनाफोनी करून ही सेवा लावून दिली. बाबांनी या बाईजवळ माझं रडगाणं गायलं असणार, आणि तिने मॅडमच्या कानावर घातलं. म्हणजे आता जन्मभर हिच्याकडे बघून हसायचं. मला उपकार पचत नाहीत, पित्त होतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज वर्कस्पेस उघडली. माझ्या मशीनवर काहीच नाही, सगळं दूर कुठल्यातरी यंत्रावर. ब्राउझर उघडा, पासवर्ड टाका की कामाची जागा समोर हजर. तिथे डेटाबेस उभा केला. वर्कस्पेसने विचारलं, रोजची एक प्रत वेगळी ठेवायची का? मी 'नंतर' दाबलं. आधी ठेवण्यासारखं काही तरी असू दे.

तीन टेबलं केली. सेविका, रुग्ण, भेटी. प्रत्येक सेविकेला क्रमांक. रुग्णाच्या ओळीत त्याच्या सेविकेचा क्रमांक. भेटीच्या ओळीत दोन्ही, कोणाकडे गेले आणि कोण गेलं. 'कोण गेलं' हा रकाना रिकामा ठेवला, किंवा यादीत नसलेला क्रमांक घातला, तर डेटाबेस ती भेट घेतच नाही, तोंडावर फेकतो. एवढ्या शिस्तीचा प्राणी मी माणसांत पाहिलेला नाही. बाबा सोडून.

पहिली ओळ कोणाची टाकायची? पत्ता पाठ होता म्हणून बाबांचीच टाकली. रुग्ण क्रमांक १. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुठेतरी बसवलं आणि ते गप्प बसले.

१३ ऑक्टोबर, रविवार

बाबांचा फोन, बरोबर अकराला. दर रविवारी याच वेळी येतो. दोघांची घरं एकाच शहरात, मध्ये वीस मिनिटांचा रस्ता. पण फोन बरा, फोन ठेवता येतो.

बाबा मालगाड्यांच्या यार्डात नोंदकारकून होते. कुठला डबा कुठल्या रुळावर उभा आहे हे चौतीस वर्षं लिहीत बसले. मी काय करतो ते त्यांना थोडक्यात सांगितलं. सेविका, तिच्याखाली रुग्ण, त्याच्याखाली भेटी.

"मग सेविका काढली तर खालच्या माणसांचं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"बघू ते."

"बघू नको, ठरव. इंजिन काढलं म्हणून डबे नाहीसे होत नाहीत. ते कुठे उभे आहेत, हे कोणीतरी लिहून ठेवावं लागतं."

"बाबा, हे यार्ड नाही."

"नाहीच. आमच्या डब्यांत माणसं नसायची."

हे असं. लहानपणी गणिताची वही तपासायचे आणि म्हणायचे, "तीन चुका आहेत. शोध." कुठे, ते सांगायचे नाहीत. सापडेपर्यंत भिंतीपाशी उभं राहायचं. एकदा दोन तास उभा होतो, एकही सापडेना. शेवटी म्हणाले, "नव्हत्याच. पण तुला खात्री हवी होती." मी नऊ वर्षांचा होतो. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कार्डबाईलाच कार्डं टाइप करायला बसवलं. दोन बोटांनी टाइप करते, कोंबडी दाणे टिपते तशी. मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो. तिला ते कळत होतं, बोटं आणखी अडखळत होती. खरं सांगतो, मजा आली.

काही कार्डांच्या भोकातून काळा दोरा ओवलेला होता. विचारलं, हा काय प्रकार?

"ही एकटी माणसं, साहेब. आपण नाही गेलो तर दुसरं कोणी जात नाही. यांचा रकाना कुठे करू?"

मी म्हटलं, "दोऱ्याचा रकाना नसतो."

"मग एकटे आहेत हे कळणार कसं?"

"सगळ्यांकडेच वेळेवर जायचं आहे ना? मग कळून काय करायचंय?"

मग तिने बाबांचं कार्ड काढलं. दोरा होता. मला दिसेल असं धरलं असणार मुद्दाम. मी पाणी प्यायला उठलो.

यांची एक गंमत आज पाहिली. सेविका रजेवर निघाली की तिची कार्डं दुसरीच्या हातात द्यायची. नुसती द्यायची नाहीत. देणारी नाव आणि पत्ता मोठ्याने म्हणणार, घेणारी तोच परत म्हणणार. म्हटल्याशिवाय पहिलीने चपला घालायच्या नाहीत. कार्डबाईचा नियम. आज दोन बायका दारात उभ्या राहून अकरा पत्ते पाढ्यांसारखे म्हणत होत्या. मला हसू आवरेना. जेवणाच्या सुट्टीत मॅडमना नक्कल करून दाखवली. त्याही हसल्या.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

शुक्रवारी मॅडमना दाखवायचं आहे. त्याआधी चाचणीसाठी तीन खोट्या सेविका आणि त्यांच्याखाली साठ खोटे रुग्ण घातले होते. आज ते काढायला गेलो तर डेटाबेस अडून बसला. 'या सेविकेखाली रुग्ण आहेत. काढता येत नाही.' मीच घातलेला नियम! एकेक रुग्ण आधी काढा, त्याआधी त्याच्या भेटी काढा. दुपार फुकट गेली.

शेवटी नियम बदलला. वरची ओळ काढली की खालचं सगळं आपोआप जावं. एक सेविका काढली, तिचे वीस रुग्ण आणि त्यांच्या भेटी क्षणात साफ. मागे ठिपकासुद्धा नाही. तीनदा दाबलं, साठही गेले. फार दिवसांनी एखाद्या गोष्टीने माझं ऐकलं.

शुक्रवारनंतर नियम परत पहिल्यासारखा करायचा. लक्षात ठेवणे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

जिंकलो! मोठ्या पडद्यावर सगळं दिसलं. हिरव्या चौकोनात झालेल्या भेटी, लाल चौकोनात चुकलेल्या. मॅडमनी मोबाइलवरून स्वतः एक भेट बघितली आणि लहान मुलीसारख्या "आलं, आलं" म्हणाल्या. मग सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "एवढी वर्षं आपण अंधारात होतो." कार्डबाई मागच्या रांगेत उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या, हेही लिहायला हवं. अगदी मनापासून वाजवल्या. मला ते आवडलं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

कार्डं कागद कापायच्या मशीनमध्ये घातली. मॅडम म्हणाल्या होत्या, ठेवा महिनाभर. मी म्हटलं, दोन जागी माहिती राहिली की दोन्ही खोट्या ठरतात. त्यांना पटलं.

दोऱ्यांमुळे मशीन अडकत होतं. कार्डबाईने न सांगता कात्री आणली आणि बसून एकेक दोरा कापून बाजूला ठेवला. मूठभर झाले. "हे तरी राहू देत ना," म्हणाली. मी म्हटलं, ठेवा, घरी काहीतरी शिवायला होतील. निळी पेटी आता माझ्या खुर्चीच्या आखूड पायाखाली आहे. कोपरा चेपावा लागला, पण खुर्ची हलत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक तक्ता काढला. कोणत्या सेविकेला एका भेटीला किती वेळ लागतो. सगळ्यांची सरासरी पंचवीस मिनिटं. क्रमांक सातची सत्तेचाळीस. माझ्याकडे कोणी मागितला नव्हता. पण माहिती असताना न दाखवणं म्हणजे लपवणंच.

मॅडमनी तिला आत बोलावलं. दार उघडं होतं.

"सत्तेचाळीस मिनिटं करता तरी काय?"

"बोलते, मॅडम."

"बोलता?"

"एक हेडबाई होत्या शाळेत, त्या ताटं फेकतात. आधी बोलावं लागतं. घड्याळ दुरुस्त करणारे आजोबा आहेत, त्यांना दिसत नाही, पेपर वाचून दाखवते. आणि साहेबांचे वडील..."

"काय त्यांचं?"

"ते साहेबांबद्दल विचारतात. मी सांगते, काम छान चाललंय, सगळे मान देतात. तेच रोज परत विचारतात. वेळ जातो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. त्या दोघांनी बसून माझी चर्चा करायची आणि मी ती ऐकायची! मी म्हटलं, "मॅडम, आकडे समोर आहेत." शुक्रवार तिचा शेवटचा दिवस ठरला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्डबाई गेली. चहा झाला, फुलं झाली. सगळं नीट उरकलं असतं, पण तिने शेवटी तमाशा केलाच.

चपला घालायच्या आधी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझी तीन माणसं कोणाच्या हातात देऊ?"

मी म्हटलं, "सिस्टीममध्ये आहेत. सोमवारी वाटून देईन."

"उद्या शनिवार आहे, साहेब. उद्याही जायचंय."

"सिस्टीम बघेल."

तरी तिने हेडबाईंचं नाव आणि पत्ता मोठ्याने म्हटला आणि थांबली. कोणी परत म्हटला नाही. बायका मॅडमकडे बघत होत्या. मग घड्याळवाल्या आजोबांचा म्हटला. थांबली. मग बाबांचा म्हटला, अगदी दुसरा जिना आणि डावीकडचं दार यांच्यासकट, आणि सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मी परत म्हणायचा होता! माझ्या बापाचा पत्ता, हिच्यासमोर, पाढ्यासारखा!

मी म्हटलं, "बाई, उशीर होतोय तुम्हाला." कोणीतरी फिसकन हसलं. ती खाली वाकून चपला घालायला लागली. तिला बराच वेळ लागला.

ती जाताच मॅडम म्हणाल्या, आजच्या आज नाव काढून टाका, उगाच पगाराच्या यादीत राहायला नको. त्या मागे उभ्या होत्या. मी झोकात क्रमांक सात निवडला आणि दाबलं. ओळ गेली. मॅडम म्हणाल्या, "इतकं सोपं?"

"इतकं सोपं," मी म्हटलं.

१० नोव्हेंबर, रविवार

अकराला बाबांचा फोन. घेतला नाही. कार्डबाई का येत नाही, तिला का काढलं, यावर आज मला उलटतपासणी नको होती.

११ नोव्हेंबर, सोमवार

काय दिवस! शनिवारपासून एकही लाल चौकोन नाही. रुग्ण २०९. आजच्या भेटी ४१८ पैकी ४१८. चुकलेल्या भेटी : शून्य. केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदा. मॅडमनी पडद्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. क्रमांक सात गेली आणि आकडा सुधारला, हे मी बोललो नाही, पण सगळ्यांना समजलं.

तिचे रुग्ण वाटायचे होते, पण 'सेविका नेमायची बाकी' या यादीत कोणीच नव्हतं. म्हणजे सिस्टीमने परस्पर केलं असणार. मी स्वतःवरच खूश झालो.

बाबांचे तीन मिसकॉल. सोमवारी ते कधी करत नाहीत. हट्टाला पेटले आहेत. मीही पेटू शकतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ताईचा फोन, मी पडद्यासमोरच होतो.

"अरे, बाबा फोन उचलत नाहीत कालपासून. जाऊन बघ ना जरा."

"ताई, मी कामावर आहे."

"संध्याकाळी जा."

"अगं, त्यांच्याकडे दिवसातून दोनदा माणूस जातो. माझ्यासमोर आत्ता सगळं उघडं आहे. एकही भेट चुकलेली नाही. सगळं हिरवं आहे."

"नक्की?"

"मी बांधलंय ते, ताई."

तिला बरं वाटलं. म्हणाली, "तू तिथे आहेस म्हणून मला इथे झोप लागते." इतकी वर्षं आमच्या घरात सगळ्यांना ताईच आधार होती. आज मी झालो. छाती भरून आली, लाज कशाची.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

झालं तसं लिहितो.

सकाळी दहाला एक बाई फोनवर ओरडायला लागली. हेडबाईंची शेजारीण. "शनिवारपासून तुमचं माणूस नाही. मी खाऊ घालते त्यांना, मी पुसते. माणुसकी आहे का नाही तुम्हाला?" मी म्हटलं, शांत व्हा, नोंद बघतो. नाव घातलं. सापडलं नाही. पत्ता घातला. सापडला नाही. घड्याळवाल्या आजोबांचं नाव घातलं. नाही.

मग मी सगळी यादी उघडली आणि वर गेलो, अगदी वरपर्यंत. यादी दोनपासून सुरू होत होती.

नियम मी परत बदलला नव्हता. क्रमांक सात काढली तेव्हा तिच्याखालची तिघं माणसं गेली. माणसं गेली म्हणून त्यांच्या भेटी गेल्या. भेटीच नाहीत, तर चुकणार काय? म्हणून शून्य.

बाबांना फोन लावला. वाजत राहिला. धावलो. वीस मिनिटांचा रस्ता, मला वाटलं मी तो दहात कापला, घड्याळात बावीस झाली होती. दुसरा जिना, डावीकडचं दार. माझ्याकडे किल्ली नाही. कधीच मागून घेतली नव्हती. शेजाऱ्याने दार तोडलं.

ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होते. फोन खिशात होता. डॉक्टर म्हणाले, काल रात्री कधीतरी. "शेवटची सुई कधी टोचली होती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघून सांगतो."

बघून सांगतो. हे मी म्हटलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सगळं उरकलं. ताईचं विमान बुधवारी रात्री पोहोचतं.

मॅडमनी कार्डबाईला बोलावून घेतलं. ती परत कामावर आहे. तिचा फोन नंबर कोणाकडे नव्हता, तो तिच्या ओळीत होता. मॅडमच्या ड्रायव्हरला घर माहीत होतं म्हणून सापडली. घड्याळवाले आजोबा तिच्या गल्लीतच राहतात, त्यांच्याकडे ती अशीच जात होती, कोणी न सांगता. हेडबाई दूर, तिथे जायला बस बदलावी लागते.

"आणि बाबांकडे?" मी विचारलं.

"गेल्या शनिवारी गेले होते. सुई टोचली. म्हटलं, रोज येते तशीच. तर म्हणाले, येऊ नकोस. मुलाने नवी व्यवस्था केली आहे, त्यात आपण लुडबूड करायची नाही. तू आलेली दिसलीस तर त्याच्या नोकरीवर येईल. हात जोडले त्यांनी, साहेब. एकच हात वर होतो त्यांचा. मी परत फिरले."

मग तिने हेडबाईंचा पत्ता म्हटला आणि थांबली. मी परत म्हटला. आजोबांचा म्हटला. मी म्हटला. तिसरा तिने म्हटला नाही. मी वाट बघत होतो.

त्यांच्या टेबलावर एक कागद सापडला. मी कोणाला दाखवलेला नाही. यार्डातल्यासारख्या उभ्याआडव्या रेघा, डाव्या हाताने मारलेल्या. वार, वेळ, कोण आलं, शेरा.

शनिवार. आठ दहा. बाई. सुई टोचली. उद्यापासून येऊ नये असे सांगितले.

रविवार. कोणी नाही. मुलाला फोन केला. कामात असेल.

सोमवार. कोणी नाही. तीनदा फोन. त्याच्याकडून काहीतरी चूक झाली आहे. बाहेर कोणाला सांगू नये. शोधेल तो.

मंगळवार.

पुढे नुसती रेघ आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मॅडमनी बोलावलं. फार हळू बोलल्या. "तुमचं दुःख मी समजू शकते. पण तुमच्या ताई येताहेत. त्या विचारतील, त्या आठवड्यात कोण जात होतं. आपलं रेकॉर्ड काय दाखवतं?"

"काहीच दाखवत नाही."

"मग दाखवू दे. केंद्राचं नाव आहे, एकोणचाळीस बायकांची पोटं आहेत. आणि तुमचं पत्र मी सही करून ठेवलंय, कायम झाल्याचं." ड्रॉवर थोडा उघडून त्यांनी ते दाखवलंसुद्धा.

खुर्चीवर येऊन बसलो. नियम आधी पहिल्यासारखा केला. रोजची प्रतही चालू केली. मग बाबांची ओळ परत घातली. क्रमांक १. भेटी घालायला लागलो. रविवार, सकाळी आठ, झाली. डेटाबेसने विचारलं, कोण गेलं? क्रमांक सात घातला. आता ती यादीत परत आहे, पण मग वाटलं, ताई तिलाच जाऊन विचारेल. बारा घातला. बारा नंबरच्या बाईला विचारलं तर? एकवीस. एकेक नाव घेत एकोणचाळीसपर्यंत गेलो. प्रत्येक बाई तोंड उघडून सांगू शकते की मी गेले नव्हते. रिकामा ठेवला, तर ओळ घेईना. कोण गेलं? कोण गेलं? तीच लाल अक्षरं. नियम माझाच.

शेवटी सेविकांच्या टेबलात एक ओळ वाढवली. क्रमांक चाळीस. स्वतःचं नाव घातलं. आता विचारणार कोणाला? मलाच.

रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. सकाळ, संध्याकाळ. आठ भेटी. डेटाबेसने सगळ्या मुकाट घेतल्या. त्याला फक्त क्रमांक यादीत आहे की नाही एवढंच बघायचं असतं.

मी हे ताईसाठी केलं. तिला निदान एवढं तरी हवं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई आज केंद्रात आली. मॅडमनी कागद छापून तिच्या हातात दिला. तिने तो उभ्यानेच वाचला, मग बसली.

"तू जात होतास? रोज? दोन्ही वेळा?"

मी मान हलवली.

"मग मंगळवारी मी फोन केला तेव्हा बोलला का नाहीस? मी तुलाच जाऊन बघ म्हणून सांगत होते..."

"त्यात सांगायचं काय, ताई."

ती माझ्या गळ्यात पडून रडली. आमच्यात तसली पद्धत नाही. लहानपणी मला भिंतीपाशी उभं केलेलं असायचं तेव्हा ती लांबून बघायची, जवळ यायची नाही. आज आली. म्हणाली, "ते उचलत नव्हते म्हणून मला वाटलं ते एकटेच पडलेत. तू होतास. देवा, तू होतास." तिचे हात माझ्या पाठीवर होते. तिने सोडू नये असं वाटत होतं, हे खरं लिहितो.

कार्डबाई चहा घेऊन आली. ताई तिला म्हणाली, "बाई, तुमच्यानंतर हाच जात होता." बाईने कागदावर नजर टाकली, मग माझ्यावर. म्हणाली, "पत्ता तर ठाऊकच होता यांना." आणि कप ठेवून गेली. तिच्या टेबलावर एका काचेच्या भांड्यात ते कापलेले दोरे आहेत. मी आज पाहिले.

ताईने कागदाची घडी घातली. जन्मभर जपून ठेवणार म्हणाली. मग डोळे पुसून विचारलं, "मी फोन केला त्या मंगळवारी काय बोलले रे?"

मॅडम बघत होत्या. पडद्यावर सगळं हिरवं होतं.

मी म्हटलं, "तुझी आठवण काढली. जेवले थोडं. मग म्हणाले, आता जा, तुला कामाला उशीर होईल."

ती म्हणाली, "अगदी तसंच बोलायचे."

बाबांचा कागद या वहीत आहे, या पानाच्या मागे. फाडवत नाही. मंगळवारच्या रेघेवर शेरा लिहायला जागा आहे. मघाशी पेन उघडून बसलो होतो, पण त्यांच्यासारखं डाव्या हाताचं अक्षर मला जमलं नाही.